नांगर, कंदील, स्कूटर : वस्तूच्या जीवनचक्राचा आलेख

बाजारात आलेली वस्तू पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सारख्याच वेगाने विकली जात नाही. सुरुवातीला विक्री रेंगाळते, मग वेग घेते, काही काळ वरच्या पातळीवर टिकते आणि पुढे उतरणीला लागते. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर विक्री मांडली, की या प्रवासाची चढती-उतरती रेषा मिळते. विपणनशास्त्रात तिला वस्तूचे जीवनचक्र म्हणतात आणि तिचे चार टप्पे पाडतात : बाजारप्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतार. नव्या वस्तूची किंमत कशी ठरवावी याचा विचार करताना जोएल डीन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५० मध्ये या कल्पनेचा आधार घेतला. व्यवस्थापकांच्या रोजच्या बोलण्यात ती रुळली ती थिओडोर लेव्हिट यांच्या १९६५ मधील लेखामुळे.

या रेषेच्या शेजारी नफ्याची दुसरी रेषा काढली नाही, तर चित्र अर्धवट राहते. दोन्ही रेषा बरोबरीने चालत नाहीत. बाजारप्रवेशाच्या काळात साचे, यंत्रे, कच्चा माल आणि पडून राहिलेला तयार माल यांत पैसा अडकतो. विक्री सुरू झालेली असली, तरी नफा शून्याच्या खालीच असतो. वाढीच्या टप्प्यात तो झपाट्याने वर चढतो. विक्रीची रेषा मात्र अजून वर जात असतानाच नफ्याची रेषा वाकू लागते, कारण तोवर प्रतिस्पर्धी येतात, किमती उतरतात आणि विक्रेत्याला जास्त कमिशन द्यावे लागते. केवळ विक्रीचे आकडे पाहणाऱ्या कारखानदाराला हे वळण उशिरा दिसते.

सातारा आणि सांगली या जोड जिल्ह्यांत हे चारही टप्पे खऱ्या वस्तूंच्या आधारे पाहता येतात. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले. त्यांतल्या दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठे शहर नव्हते, बँकांचे जाळे नव्हते. तरीही लोखंडी नांगर, काचसामान, कंदील, इंजिने आणि पंप इथे तयार झाले आणि दूरवर विकले गेले. औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उद्योगांना जागा आणि पाठबळ द्यायला तयार होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

बाजारप्रवेश : लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

लोखंडी नांगराचा गुण शेतात पाहिल्यावर लगेच कळण्यासारखा होता. लाकडी नांगराचा फाळ जमीन फाडत जातो, पण ती पलटत नाही. लोखंडी नांगराचा वळवलेला पत्रा मातीची वडी उचलतो आणि उलटी टाकतो. खालची माती वर येते, हरळी आणि कुंद्याची मुळे उघडी पडतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. काळ्या चिकट रानात लाकडी नांगराला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागत. तिथे हा फरक पैशांतही मोजता येत होता.

तरी नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. हा समज अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशेब मांडायला हवा. लाकडी नांगर गावातला सुतार घडवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि त्याचा मोबदला बलुत्यातून धान्याच्या रूपात जायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत. त्याचा फाळ झिजला, तर नवा फाळ कारखान्याकडूनच आणावा लागे. शिवाय प्रयोग फसला, तर एक अख्खा हंगाम हातचा जाणार होता. दोन वर्षांचा हा विलंब अडाणीपणापेक्षा जोखमीच्या मोजमापातून आला, असे मानणे अधिक न्यायाचे आहे.

नवी वस्तू लोक कोणत्या क्रमाने स्वीकारतात, याचा अभ्यासही एका शेतकरी समाजातूनच पुढे आला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याची पाहणी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या शेतकऱ्यांची त्यांनी पाहणी केली, त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात नवे बियाणे स्वीकारले होते. पण बहुतेकांनी आधी ते रानाच्या छोट्या तुकड्यात पेरून पाहिले होते. याच परंपरेत एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये स्वीकारणाऱ्यांचे गट पाडले : पहिले धाडसी अडीच टक्के, त्यांच्या मागचे साडेतेरा टक्के, मग ३४ टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटी उरलेले १६ टक्के. ही टक्केवारी कुठल्याही एका बाजाराची मोजणी नाही. सरासरीभोवतीच्या गणिती विभागणीतून ती काढलेली आहे, हे अनेक पाठ्यपुस्तके सांगायचे विसरतात.

मका आणि नांगर यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बियाणे मूठभर घेऊन अजमावता येते, नांगर मात्र अख्खाच विकत घ्यावा लागतो. थोडक्यात अजमावता येत नाही, अशा वस्तूचा प्रवेशाचा टप्पा लांबतो. तो आखूड करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रात्यक्षिक, कारण त्यात जोखीम विकणाऱ्याच्या अंगावर येते. शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना दिसला आणि पुढच्या हंगामात तिथले पीक चांगले आले, की पहिल्या गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाणारी वाट मोकळी होते. किंमत कमी करून हे साधत नाही. ज्या वस्तूने जमीन बिघडेल अशी भीती आहे, ती स्वस्त केल्याने भीती कमी होत नाही.

वाढ

पहिल्या महायुद्धात आयात अडली आणि देशी मालाला मागणी आली. लोखंडाचाही तुटवडा पडला, पण किर्लोस्करांचा नांगर तोवर शेतात सिद्ध झालेला होता. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचा माल आणि बातम्या विक्रेत्यांपर्यंत व गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारे ते पत्रक होते. पुढे त्यात लेख आणि कथा येऊ लागल्या, त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. विपणनाच्या दृष्टीने ही घटना फार मोलाची आहे. प्रवेशाच्या टप्प्यात जाहिरातीला वस्तू म्हणजे काय हे शिकवावे लागते. वाढीच्या टप्प्यात वस्तू लोकांना माहीत असते, तेव्हा आमचीच का घ्यावी हे सांगावे लागते. मासिकाने किर्लोस्कर हे नाव नांगराशी अजिबात संबंध नसलेल्या मध्यमवर्गीय घरांतही नेले. पुढच्या काळात त्या नावाने इंजिने, पंप आणि विजेच्या मोटरी विकल्या गेल्या, तेव्हा ही ओळख कामी आली. जाहिरातपत्रकातून निघालेल्या नियतकालिकाने मराठी वाङ्मयात स्वतःचे स्थान मिळवावे, हे उदाहरण विरळाच.

वाढ दिसू लागली, की प्रतिस्पर्धी येतात. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी सातारा रोड स्टेशनजवळ पाडळीला कारखाना काढला आणि ‘कूपर’ नांगर बाजारात आणला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड ही दोन्ही ठिकाणे पुणे–मिरज या एकाच लोहमार्गावर आहेत, त्यामुळे दोन्ही कारखान्यांचा माल त्याच वाटेने त्याच पेठांत उतरे. प्रतिस्पर्ध्याच्या येण्याने पहिल्या कारखान्याचे नुकसान होते हे खरे, पण ते अर्धेच सत्य आहे. दोन कारखाने आपापल्या नांगराचा प्रचार करतात, तेव्हा नांगर या वस्तूचाही प्रचार होतो आणि काठावर थांबलेला शेतकरी ‘घ्यावा का’ हा प्रश्न सोडून ‘कुणाचा घ्यावा’ या प्रश्नाकडे येतो. एकूण बाजार वाढतो, प्रत्येकाचा वाटा मात्र आक्रसतो.

नांगराची वाढ चालू असतानाच, १९२६ मध्ये किर्लोस्करांनी सेंट्रिफ्यूगल पंप बनवायला सुरुवात केली. कूपरही नांगरावर थांबले नाहीत, तेल इंजिनांकडे वळले. १९४० मध्ये त्यांचा कारखाना वालचंद समूहाकडे गेला. जुन्या वस्तूचा नफा येत असतानाच पुढची वस्तू उभी करणे या दोन्ही कारखान्यांना साधले. उतार लागल्यावर नवी वस्तू शोधायला निघणाऱ्याकडे ती उभी करण्याइतका पैसाही नसतो आणि वेळही नसतो.

परिपक्वता : पंपाची लांब पठारे

आलेखातला तिसरा टप्पा बहुतेक वेळा सर्वांत लांब असतो. विक्री मोठी, पण वाढ मंद. नवे गिऱ्हाईक थोडे, बदली माल घेणारे जास्त. कृष्णाकाठी पाणी उपसण्याच्या साधनांनी हे लांब पठार कसे तयार होते ते दाखवले. मोटेच्या जागी तेल इंजिनावरचा पंप आला, गावात वीज पोहोचल्यावर इंजिनाची जागा विजेच्या मोटरीने घेतली, विहिरी खोल गेल्या आणि बोअर पडू लागले तसा पाण्याच्या आत बसणारा सबमर्सिबल पंप आला. प्रत्येक वेळी एका रूपाची विक्री उतरली आणि दुसऱ्याची चढली. सगळ्यांची बेरीज केली, तर पंप या वस्तूचा आलेख दशकानुदशके खाली आला नाही.

परिपक्व बाजारात निर्णय कोण घेतो, हेही बदलते. रात्रीच्या पाळीत वीज येते, दाब कमी असतो आणि मोटर जळते. शेतकरी ती वर काढून तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. कॉइल भरून देताना तो कारागीर सांगतो, कोणत्या कंपनीची तांब्याची तार चांगली, कुणाचे बेअरिंग लवकर आवाज करते, कुणाचे सुटे भाग पेठेत मिळतात. पुढची मोटर कोणती घ्यायची हे बऱ्याचदा त्या बाकड्यावरच ठरते. म्हणून या टप्प्यात शहाणी कंपनी मोठ्या जाहिरातीइतकाच खर्च कमी दाबावर चालणाऱ्या मोटरीवर, सुट्या भागांच्या पुरवठ्यावर आणि मेकॅनिकच्या प्रशिक्षणावर करते.

रांगेने झाकलेला आलेख

साताऱ्याची ‘प्रिया’ स्कूटर या विषयातले सर्वांत बोधप्रद उदाहरण ठरावे. बजाज ऑटो आणि राज्य सरकारचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीत १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या साताऱ्यातील कारखान्यात बजाजच्या तंत्राने ‘प्रिया’ तयार होऊ लागली. त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हातात आलेली गाडी लगेच विकली, तरी फायदा होई.

अशा बाजारात विक्रीचा आकडा मागणी सांगत नाही, पुरवठा सांगतो. कारखाना जेवढ्या गाड्या काढेल तेवढ्या जातात. आलेख सपाट दिसतो म्हणून वस्तू परिपक्व झाली असे म्हणता येत नाही, आणि रांग लांब आहे म्हणून गिऱ्हाईक समाधानी आहे असेही म्हणता येत नाही. ते थांबलेले असते, कारण दुसरीकडे जायला जागा नसते. लोकांना काय हवे आहे हे सांगणारा विक्री हा एकच आरसा कारखान्याकडे असतो आणि टंचाईच्या काळात तोच आंधळा होतो.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चारस्ट्रोक मोटारसायकल आली. थोड्या पेट्रोलमध्ये लांब पल्ला गाठणारी ही गाडी होती. पुढे परवान्यांचे बंधन सैल झाले, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि खेड्यांतल्या खडबडीत रस्त्यांवर मोठ्या चाकांची मोटारसायकल पसंत पडू लागली. नव्या शतकाच्या सुरुवातीला होंडाची ॲक्टिव्हा आली : गिअर नाही, बटणावर सुरू होणारी, घरातल्या कुणालाही चालवता येईल अशी. गिअरच्या स्कूटरचा उतार उभा होता. २००६ च्या सुमारास साताऱ्यातले स्कूटर उत्पादन थांबले. पुढे त्या कारखान्यात साचे, जिग आणि सुटे भाग बनू लागले.

ॲक्टिव्हा हीदेखील स्कूटरच होती, हे इथे विसरता येत नाही. स्कूटर या प्रकाराचे आयुष्य संपलेच नव्हते, संपले होते ते तिच्या एका रूपाचे. जीवनचक्र काढताना ते गरजेचे, वस्तुप्रकाराचे, रूपाचे की एका नाममुद्रेचे, हे आधी ठरवावे लागते. प्रवासाची गरज शतकानुशतके टिकते, दुचाकी हा प्रकार अनेक पिढ्या, एखादे रूप काही दशके आणि एखादे मॉडेल काही वर्षेच टिकते. चौघांना एकाच रेषेवर बसवले, की चुकीचे निर्णय होतात. रूप मेले असताना प्रकारावरच पाणी सोडले जाते, किंवा प्रकारच संपत असताना रंग बदलून विक्री वाढेल अशी आशा धरली जाते.

उतार : ‘प्रभाकर’ कंदील

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा कंदील हे दुसऱ्या जातीच्या उताराचे उदाहरण आहे. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत काचेचा कारखाना काढला. काचसामानाच्या जोडीला पुढे ‘प्रभाकर’ कंदील आला. हे नाव त्यांच्या वडिलांचे. परदेशी बनावटीच्या कंदिलांशी त्याला टक्कर द्यावी लागली आणि स्वदेशीच्या वातावरणाचा त्याला आधार मिळाला. कंदिलात विपणनाची एक सोय अंगभूत होती. रोज संध्याकाळी काजळी पुसताना काच केव्हा तरी फुटतेच. त्यामुळे एक कंदील घेतलेले घर अनेक वर्षे काचेचेही गिऱ्हाईक राहते.

या कंदिलाला शह दिला तो दुसऱ्या कंदिलाने नव्हे. १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज सुरू झाली. धरण कऱ्हाडच्या शेजारच्या पाटण तालुक्यात, वीजगृह सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला. पुढच्या काळात गावोगाव खांब पोहोचत गेले, तसा कंदील ओसरीवरून माळ्यावर गेला. इथे गिऱ्हाईक नाराज नव्हते, वस्तूत खोट नव्हती, प्रतिस्पर्ध्याने किंमत पाडली नव्हती. प्रकाशाची गरज दुसऱ्याच मार्गाने भागू लागली होती. अशा उतारात सुधारणा आणि सवलती फार तर थोडा काळ मिळवून देतात.

वस्तुप्रकारच संपत असेल, तर कारखान्यापुढे मोजके मार्ग उरतात. नवी गुंतवणूक थांबवून उरलेली मागणी भागवत राहावे, वीज न पोहोचलेल्या भागांत वस्तू न्यावी, किंवा हातातले कौशल्य दुसऱ्या वस्तूकडे वळवावे. शेवटचा मार्ग सर्वांत चांगला, पण सर्वांत खर्चाचा. किर्लोस्करांना ओतकामाचे कौशल्य नांगराकडून पंपाकडे नेता आले, कारण लोखंड ओतण्याची भट्टी दोन्हींना चालते. कंदिलाच्या पत्राकामातून विजेच्या दिव्याकडे जाणारी वाट इतकी सरळ नाही.

हळदीचे आणि कडकनाथचे आलेख

सगळ्या वस्तू या चार टप्प्यांत बसत नाहीत. सांगलीची हळद घ्या. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचा व्यापार त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. पेठेत भाव वर-खाली होतात, लागवड कमी-जास्त होते, पण या रेषेला उतार म्हणावा असा टप्पा नाही. बदलतात ती रूपे : हळकुंड घरी कुटणे मागे पडते, दळलेल्या हळदीची पाकिटे येतात, औषधांसाठी कर्क्युमिन काढले जाते. शेतमालाला ठरलेले आयुष्य नसते, त्याच्या पाकिटाला असते.

दुसऱ्या टोकाला उंच सुळक्यासारखी रेषा असते. इस्लामपूर परिसरात कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजना वेगाने पसरल्या आणि २०१९ मध्ये कोसळल्या. अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्या वाढीच्या काळात आकडे खरोखर चढत होते. पण पिल्ले विकली जात होती ती प्रामुख्याने नव्या पाळणाऱ्यांना, आणि त्यांची अंडी व कोंबड्या पुन्हा योजनेनेच घ्यायच्या होत्या. ताटात कोंबडी घेणारे शेवटचे गिऱ्हाईक त्या प्रमाणात वाढले नव्हते. नव्या वस्तूची वाढ तपासताना एकूण विक्रीपेक्षा दोन आकडे अधिक बोलके असतात : शेवटच्या उपभोक्त्याने घेतलेला माल किती आणि दुसऱ्यांदा घेणारे किती. या दोन आकड्यांची मागणी शेतकऱ्यांनी आधीच केली असती, तर अनेक घरे वाचली असती.

आलेखाचा उपयोग आणि धोका

जीवनचक्राच्या कल्पनेवर सर्वांत धारदार टीका नरिमन धल्ला आणि सोनिया युस्पे यांनी १९७६ मध्ये केली. त्यांचे म्हणणे असे, की कंपन्या हा आलेख खरा मानतात आणि स्वतःच तो खरा करून दाखवतात. विक्री एखाद्या वर्षी मंदावली, की ‘वस्तू परिपक्व झाली’ असा निष्कर्ष निघतो, जाहिरात आणि सुधारणा यांवरचा खर्च कमी होतो आणि मग विक्री खरोखरच पडते. हा आक्षेप रास्त आहे. रेषेवर आपण नेमके कुठे आहोत हे चालू काळात कळत नाही. मंदीचे वर्ष, पावसाने दिलेला ताण किंवा परवान्याचे बंधन यांमुळे आलेली सपाटी आणि खरी परिपक्वता कागदावर सारख्याच दिसतात. दुष्काळी वर्षात आटपाडी-जतमध्ये पंप कमी खपले, तर तो पंपाचा उतार नव्हे.

म्हणून हा आलेख भाकितासाठी वापरण्यापेक्षा प्रश्न विचारण्यासाठी वापरणे बरे. गिऱ्हाईक नवे आहे की बदली माल घेणारे? नफ्याची रेषा विक्रीच्या आधी वाकली का? गिऱ्हाईक निघून जात असेल, तर ते दुसऱ्या कंपनीकडे जात आहे, दुसऱ्या रूपाकडे, की गरज भागवण्याच्या वेगळ्याच साधनाकडे? ‘प्रिया’च्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुसरे रूप असे होते, कंदिलाच्या बाबतीत वेगळे साधन असे. त्यावरून कारखान्याने काय करायला हवे होते, हेही वेगवेगळे ठरते.

उताराला लागलेली नाममुद्रा पुन्हा उभी राहते, तेव्हा कोणता आलेख काढायचा, हा अलीकडचा प्रश्न आहे. ‘प्रिया’च्या कुटुंबातली ‘चेतक’ बजाजने बंद केली होती. तेच नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवरच्या स्कूटरला देण्यात आले आणि जानेवारी २०२० पासून पुणे व बेंगळुरू इथे तिची नोंदणी सुरू झाली. नाव जुने असले, तरी बॅटरी, चार्जिंग, किंमत आणि गिऱ्हाइकाची शंका हे सगळे नवे आहे. त्यामुळे ही गाडी बाजारप्रवेशाच्या टप्प्यातूनच निघाली आणि तिचा आलेख जुन्या चेतकच्या रेषेला न जोडता शून्यापासून काढावा लागतो. बॅटरी किती वर्षे टिकेल ही आजच्या गिऱ्हाइकाची शंका आणि लोखंडाने रान बिघडेल ही शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची भीती एकाच जातीच्या आहेत. दोन्हींचे निरसन किंमत उतरवून होत नाही. त्यासाठी हमी द्यावी लागते आणि शेजाऱ्याच्या दारात काही वर्षे नीट चाललेली वस्तू दिसावी लागते.